थंड तपकिरी बटूंचं वातावरण अवरक्त वर्णपटातून कसं वाचतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी एमएस्सी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाइज ०८५५ या तपकिरी बटूच्या वातावरणात पाण्याची वाफ, मिथेन आणि अमोनिया आहे असं वाचलं. दुर्बिणीतून तो नुसता ठिपका दिसतो. मग एवढं ठामपणे कसं सांगतात? मॉडेलमधले आकडे हवे तसे फिरवून आलेख जुळवून घेतलेला नसतो कशावरून? आणि या क्षेत्रात काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करू?"

शंका रास्त आहे. मी वीसेक वर्षं हे वर्णपट हाताळते आहे आणि हीच शंका मला दर नव्या वर्णपटाच्या वेळी येते. आधी एक सांगते. एखादा रेणू "सापडला" हे यातलं सर्वांत सोपं काम. तो किती आहे, कुठल्या खोलीवर आहे, आणि जो असायलाच हवा होता तो दिसत का नाही, हे शोधताना खरा कस लागतो. वातावरणाबद्दल आपल्याला जे कळलं आहे, त्यातलं बरंचसं अशा चुकलेल्या अपेक्षांमधून कळलं आहे.

पार्श्वभूमी दोन ओळींत. सूर्याच्या सुमारे ७ टक्क्यांपेक्षा कमी वस्तुमान असलेल्या गोळ्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं संमीलन टिकत नाही, तो जन्मभर निवतच जातो. हे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शिव कुमार या भारतीय वंशाच्या खगोलशास्त्रज्ञांनी गणिताने दाखवलं. 'ब्राऊन ड्वार्फ' हे नाव जिल टार्टर यांनी १९७५ साली दिलं, आपण त्याला तपकिरी बटू म्हणतो. प्रत्यक्ष दिसायला १९९५ साल उजाडलं. तापमान उतरत जातं तसे एल, टी आणि वाय असे वर्ग पाडले आहेत. वाय वर्ग सर्वांत थंड, साधारण ५०० केल्विनच्या खालचा. त्यातले पहिले बटू वाइज उपग्रहाच्या सर्वेक्षणातून २०११ मध्ये जाहीर झाले.

तुम्ही ज्याचं नाव घेतलं तो वाइज ०८५५ केव्हिन लुमन यांनी २०१४ मध्ये शोधला. अंतर ७.४ प्रकाशवर्षं, म्हणजे सूर्यापासून चौथ्या क्रमांकाची जवळची वस्ती. आकाशात तो वर्षाला ८ कोनीय सेकंदांहून जास्त सरकतो, आणि त्या सरकण्यामुळेच तो लुमन यांच्या नजरेत भरला. तापमान सुमारे २८५ केल्विन, म्हणजे १२ अंश सेल्सिअस. पुण्यात जानेवारीच्या पहाटे अंगणात उभं राहिलं तर जेवढा गारठा असतो, तेवढंच. वस्तुमान गुरूच्या ३ ते १० पट असावं असा अंदाज आहे. त्यामुळे त्याला बटू म्हणायचं की एकटा भटकणारा ग्रह, यावर वाद घालणारे घालतात. वातावरण वाचणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

आता १२ अंशांची वस्तू उजेड कुठे देणार? वस्तूच्या तापमानावरून ती कुठल्या तरंगलांबीला सर्वांत जास्त उजळते हे सांगणाऱ्या वीनच्या नियमात २८५ केल्विन टाकून पाहा, शिखर १० मायक्रॉनच्या आसपास येतं. डोळ्यांना दिसणारा प्रकाश अर्ध्या मायक्रॉनचा. म्हणून अवरक्त. पण अडचण अशी की पृथ्वीवर रात्री दुर्बिणीचा आरसा, घुमटाच्या भिंती, वरची हवा आणि खाली उभा असलेला तंत्रज्ञ हे सगळंच साधारण त्याच तापमानाचं असतं. म्हणजे आपण जो ठिपका शोधतो आहोत, त्याच रंगात आपली दुर्बीणही उजळलेली असते. दिवसाढवळ्या, तेही पेटलेल्या दुर्बिणीतून, काजवा शोधण्यासारखं हे आहे.

तरीही हे जमिनीवरून केलेलं आहे. अँड्र्यू स्केमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हवाईतल्या मौना केआवरच्या ८ मीटरच्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने ०८५५ चा ५ मायक्रॉनजवळचा वर्णपट मिळवला. त्यासाठी १३ रात्रींत मिळून १४ तासांची निरीक्षणं लागली. पद्धत कष्टाची आहे. स्लिटवर, म्हणजे उपकरणाच्या अरुंद फटीवर, वस्तू एका जागी ठेवून काही सेकंदांचं चित्र घ्यायचं, मग दुर्बीण किंचित हलवून वस्तू स्लिटच्या दुसऱ्या टोकाला न्यायची, पुन्हा चित्र घ्यायचं आणि दोन्हींची वजाबाकी करायची. आकाशाची चमक दोन्हींत जवळपास सारखी असते, ती जाते. वस्तू एकात अधिक आणि एकात उणे अशी दोन रेघांच्या रूपात उरते. उरते म्हणजे काय, एका चित्रात काहीच दिसत नाही. शेकडो चित्रं रचल्यावर रेघ गोंगाटातून हळूहळू वर येते. त्या धूसर वर्णपटातही पाण्याच्या वाफेची छाप स्पष्ट होती, आणि गुरूच्या वर्णपटात ठळक दिसणारा फॉस्फीन तिथे नव्हता. या फॉस्फीनकडे पुढे परत यायचं आहे.

२५ डिसेंबर २०२१ ला जेम्स वेब दुर्बीण उडाली आणि आमचं जगच बदललं. आरसा साडेसहा मीटरचा, पण सावलीत गारठलेला. मिरी हे मध्य-अवरक्त उपकरण तर ७ केल्विनच्याही खाली ठेवलेलं असतं. आपली दुर्बीण उजळत नाही आणि वर हवा नाही. निरस्पेक उपकरणाचा प्रिझम ०.६ पासून ५.३ मायक्रॉनपर्यंतचा पट्टा एका झटक्यात देतो, मिरी पुढे २८ मायक्रॉनपर्यंत नेतं. ज्या वर्णपटासाठी मौना केआवर १३ रात्री गेल्या, त्याहून कितीतरी स्वच्छ वर्णपट आता काही तासांत हातात येतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. ठिपक्यातून वातावरण कसं?

पावसाळ्यात एखाद्या घाटात कड्यावर उभं राहिल्याची कल्पना करा. धुकं दाट असेल तर चार हातांवरचंच झुडूप दिसतं. धुकं विरळ झालं की नजर खाली दरीतल्या शेतापर्यंत पोहोचते. बटूच्या वातावरणात प्रत्येक तरंगलांबीला धुक्याचा दाटपणा वेगळा असतो. ३.३ मायक्रॉनला मिथेन प्रकाश अडवतो, म्हणून तिथे आपल्याला फक्त वरचा थंड थर दिसतो. साधारण ४ ते ५ मायक्रॉनच्या दरम्यान मिथेन, पाणी आणि अमोनिया तिघांचेही मोठे पट्टे संपलेले असतात, तिथे नजर खोल आणि गरम थरापर्यंत जाते. म्हणून २८५ केल्विनच्या बटूचा प्रकाश १० मायक्रॉनच्या गुळगुळीत टेकडीसारखा नसून ४.५ च्या आसपास उंच सुळका काढून बसतो. गुरूवरही हीच खिडकी आहे. ५ मायक्रॉनला गुरूचे काही भाग तेजाळतात, कारण तिथे ढगांच्या फटीतून खालची काही बार दाबाची उबदार हवा दिसते.

हे एकदा मनात बसलं की वर्णपट वेगळा दिसू लागतो. आडवा अक्ष तरंगलांबीचा असला तरी माझ्या डोळ्यांना तो खोलीचा वाटतो. प्रत्येक पट्टा म्हणजे एका वेगळ्या मजल्यावरचा तापमापक. पट्ट्याचा मधला भाग वरचा मजला दाखवतो, कडा खालचा. म्हणून एकाच रेणूच्या एका पट्ट्याच्या नुसत्या आकारातून तापमान उंचीनुसार कसं बदलतं हे काढता येतं. आणि एकच रेणू अनेक ठिकाणी शोषतो. पाणी १.४, १.९, २.७ आणि ६.३ मायक्रॉनला, मिथेन १.६, २.२, ३.३ आणि ७.७ ला, अमोनिया १.५ आणि ३ ला आणि १०.५ च्या आसपासच्या ठळक पट्ट्यात. एका पट्ट्यावरून कोणी दावा केला तर मी मान डोलावत नाही. तोच रेणू त्याच प्रमाणात दुसऱ्या पट्ट्यातही बसला पाहिजे. मॉडेल हवं तसं फिरवण्याला पहिली आडकाठी इथे येते.

दुसरी आडकाठी रसायनाची, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच.

कार्बन दोन रूपांत राहू शकतो. गरम असेल तर कार्बन मोनॉक्साइड, थंड असेल तर मिथेन. रासायनिक क्रिया पूर्ण होऊन समतोल साधला आहे असं मानलं तर ९०० केल्विनच्या बटूच्या दृश्य थरात कार्बन मोनॉक्साइड नावालाच असायला हवा. ग्लीझ २२९ बी हा पहिल्या दोन-तीन बटूंपैकी एक, त्याच्या वर्णपटात मिथेन दिसला म्हणून १९९५ मध्ये सगळे आनंदले, कारण ताऱ्यात मिथेन टिकत नाही. पण १९९७ मध्ये नोल, गबॅले आणि मार्ली यांना त्याच बटूत ४.७ मायक्रॉनला कार्बन मोनॉक्साइडचाही पट्टा सापडला, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. गणितात चूक नव्हती, गृहीतक चुकलं होतं. वातावरण शांत नसतं. खालची गरम हवा वर येते आणि आपल्यासोबत कार्बन मोनॉक्साइड आणते. खाली ही क्रिया झटपट होते, पण वर गारव्यात कमालीची मंदावते, कारण कार्बन आणि ऑक्सिजनमधला तिहेरी बंध तोडायला ऊर्जा लागते. हवा वर पोहोचेपर्यंत त्याला मिथेन व्हायला वेळच मिळत नाही. भाजी शिजत असताना मध्येच गॅस बंद केला तर ती जिथे थांबते तिथेच राहते, तसं ते प्रमाण गोठून जातं.

याचा अर्थ असा की आपल्याला न दिसणाऱ्या खोल थराची बातमी आपल्याला दिसणाऱ्या थरातला कार्बन मोनॉक्साइड सांगतो. तो जेवढा जास्त, तेवढं ढवळणं जोरात. आम्ही हे ढवळणं एका आकड्यात मांडतो, आणि तो आकडा किती अनिश्चित असतो ते ऐकून तुम्ही चकित व्हाल. मॉडेलांच्या संचात तो सेकंदाला शंभर चौरस सेंटिमीटरपासून शंभर कोटी चौरस सेंटिमीटरपर्यंत घेतात. सात शून्यांचा फरक. नायट्रोजनचंही असंच आहे. नायट्रोजनचा रेणू अमोनियात बदलायला वेळ लागतो, म्हणून अमोनिया समतोलाच्या हिशोबापेक्षा कमी दिसतो. कार्बन मोनॉक्साइड आणि अमोनिया ही दोन वेगवेगळी घड्याळं आहेत. दोघांनी ढवळण्याचा वेग साधारण एकच सांगितला तर मॉडेलवर माझा विश्वास बसतो. नाही सांगितला तर कुठेतरी काहीतरी कच्चं आहे.

आता फॉस्फीन. फॉस्फरसला थंड वातावरणात फॉस्फीनच्या रूपात राहायला हवं. गुरूवर तो आहे, दहा लाखांत साधारण एक भाग. तोही खालून ढवळून वर येतो. तर मग बटूंमध्ये ४.३ मायक्रॉनला त्याचा ठसा दिसायलाच हवा होता. जेम्स वेबच्या वर्णपटांत सॅम्युएल बायलर आणि सहकाऱ्यांनी थंड टी आणि वाय बटूंमध्ये तो शोधला तेव्हा उलटंच निघालं. फॉस्फीन मॉडेलांच्या अपेक्षेपेक्षा खूप कमी आणि कार्बन डायऑक्साइड खूप जास्त. त्यात मेख अशी की कार्बन डायऑक्साइडचा पट्टा ४.२ ते ४.३ मायक्रॉनला, फॉस्फीनच्या अंगाला लागूनच. कमी विभेदनाच्या, म्हणजे जवळजवळच्या तरंगलांबी नीट वेगळ्या न करणाऱ्या, प्रिझममध्ये दोघे एकमेकांत मिसळतात. मॉडेलमध्ये कार्बन डायऑक्साइड कमी घेतला की फिट, म्हणजे वर्णपटाशी केलेली मॉडेलची जुळवणी, त्याची उणीव फॉस्फीनने भरून काढायला पाहतो. नवख्याने इथेच फॉस्फीनचा शोध जाहीर करावा असा हा सापळा आहे. ०८५५ मध्ये नंतर जास्त विभेदनाच्या वर्णपटातून फॉस्फीन सापडला, पण अब्जात केवळ एक भाग. गुरूच्या मानाने शेकडो पटींनी कमी.

आणि मग २०२५ मध्ये ॲडम बुर्गासर आणि सहकाऱ्यांनी वोल्फ ११३० सी या सुमारे ५४ प्रकाशवर्षांवरच्या बटूत फॉस्फीन भरपूर असल्याचं दाखवलं, अब्जात साधारण शंभर भाग. हा बटू जड मूलद्रव्यांच्या बाबतीत गरीब आहे. म्हणजे जिथे फॉस्फरस कमी असावा तिथे फॉस्फीन सापडला आणि जिथे जास्त असावा तिथे नाही. ऑक्सिजन मुबलक असेल तर फॉस्फरस दुसऱ्याच कुठल्या रूपात अडकत असेल का, की आपल्या फॉस्फरसच्या रसायनातच काही क्रिया राहून गेल्या आहेत? उत्तर अजून लागलेलं नाही. तुम्हाला संशोधनाचा विषय हवा असेल तर हा घ्या. फॉस्फीनकडे लोक जीवसृष्टीची खूण म्हणून बघतात. जिथे जीवसृष्टीचा प्रश्नच नाही तिथलं त्याचं वागणं कळल्याशिवाय ती खूण वापरणं घाईचं ठरेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

अशीच एक गोष्ट सिलेनची. १५३४ क्रमांकाचा, 'ॲक्सिडेंट' या नावाने ओळखला जाणारा एक फार जुना बटू ५० प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्या वर्णपटात सिलिकॉनचा हा साधा हायड्राइड जॅकी फॅहर्टी आणि सहकाऱ्यांना दिसला. गुरूत सिलिकॉन दिसत नाही, कारण तो ऑक्सिजनशी बांधला जाऊन खोल ढगांत बसलेला आहे. या जुन्या बटूत ऑक्सिजनच कमी, म्हणून सिलिकॉन हायड्रोजनच्या वाट्याला आला.

समस्थानिकांबद्दल, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंबद्दल, एक परिच्छेद लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण जेम्स वेबच्या आधी हे स्वप्न होतं. वाइज १८२८ या सुमारे ३८० केल्विनच्या बटूत डेव्हिड बॅराडो आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये नायट्रोजन-१५ असलेला अमोनिया शोधला. ०८५५ मध्ये ड्युटेरियमचा (जड हायड्रोजनचा) एक अणू असलेला मिथेन सापडला, ४.५ मायक्रॉनच्या आसपास. याचं महत्त्व बघा. गुरूच्या साधारण १३ पट वस्तुमानाच्या वरचा गोळा आपलं ड्युटेरियम जाळून टाकतो. ०८५५ मध्ये ते सूर्यमालेच्या मूळ वायूइतकंच शिल्लक आहे. म्हणजे तो १३ च्या खाली आहे हे आता थंडावण्याच्या मॉडेलवरून काढलेलं अनुमान राहिलं नाही, त्याच्या हवेनेच दिलेली साक्ष झाली. त्याच बटूच्या मिरीच्या वर्णपटात पाण्याची वाफ अपेक्षेपेक्षा कमी भरते. एवढ्या थंडीत ती गोठून बर्फाच्या ढगांत जात असावी, हे त्याचं सरळ स्पष्टीकरण आहे.

आता तुमचा बोचरा प्रश्न. आकडे फिरवून आलेख जुळवता येतो का? येतो. म्हणूनच सांभाळावं लागतं.

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे तयार मॉडेलांचा संच, ज्यात तापमान, गुरुत्व, रसायन सगळं भौतिकीच्या नियमांनी बांधलेलं असतं आणि आपण फक्त जवळचं मॉडेल निवडतो. साग्निक मुखर्जी आणि सहकाऱ्यांचा 'सोनोरा एल्फ आऊल' संच यातला आज बराच वापरला जाणारा. दुसरा रिट्रीव्हल. त्यात प्रत्येक थराचं तापमान आणि प्रत्येक रेणूचं प्रमाण मोकळं सोडायचं आणि लाखो मॉडेलं तपासून वर्णपटाला काय चालतं ते पाहायचं. पहिल्यात नियम कडक असतात पण नियमच चुकले तर फिट बसत नाही. दुसऱ्यात फिट छान बसतं, पण निसर्गात अशक्य असलेलं वातावरणही तो बिनदिक्कत देतो.

माझी पहिली कसोटी त्रिज्येची. बटूंची त्रिज्या गुरूएवढीच असते, वस्तुमान कितीही असो, थोडाफार फरक. अंतर माहीत असेल तर उजेडावरून त्रिज्या निघते. फिटने त्रिज्या गुरूच्या निम्मी दिली की पुढचे सगळे आकडे मी बाजूला ठेवते, रेणूंची प्रमाणं कितीही देखणी आली असली तरी. मॉडेल उजेड जास्त देत असतं, म्हणून ते गोळा लहान करून हिशोब चुकता करत असतं. दुसरी कसोटी संचाच्या कडेची. एल्फ आऊल २७५ केल्विनला संपतो आणि ०८५५ आहे २८५ चा. उत्तर कडेला चिकटलेलं दिसलं की ते उत्तर नसतं, मॉडेलला तिकडे जायचं होतं पण भिंत आडवी आली एवढंच ते सांगतं.

तिसरी बाब प्रयोगशाळेची, जिच्याबद्दल खगोलवाले पुरेसं बोलत नाहीत. मिथेनचा रेणू कुठल्या तरंगलांबीला किती शोषतो याची यादी लागते. खोलीच्या तापमानावर मोजलेली यादी बटूला पुरत नाही, कारण गरम मिथेनमध्ये असंख्य नव्या रेषा जाग्या होतात. लंडनच्या एक्सोमोल गटाने २०१४ मध्ये मिथेनची सुमारे ९८० कोटी रेषांची यादी गणनेने तयार केली. त्याआधीच्या वर्णपटांत १.६ मायक्रॉनजवळ मॉडेल आणि निरीक्षण जुळत नसे, तेव्हा आम्ही बटूला बोल लावत होतो. दोष आमच्या यादीत होता.

आणि चौथी, स्वतःच्या डेटावर अविश्वास. विद्यार्थिदशेत मी एका टी बटूच्या वर्णपटात २.१६६ मायक्रॉनला उत्सर्जनाची नाजूक रेघ पाहिली होती. तीन दिवस मी तिच्या मागे होते. चुंबकीय हालचाल, तप्त वरचा थर, काय काय मनात आलं. चौथ्या दिवशी मार्गदर्शकांनी एकच विचारलं: "मानक तारा कुठला?" पृथ्वीच्या हवेचा ठसा काढायला आपण जवळच्या ए० वर्गाच्या ताऱ्याने भागतो. त्या ताऱ्यात हायड्रोजनची ब्रॅकेट-गॅमा ही शोषणरेषा असते, नेमकी २.१६६ ला. ती आधी पुसली नाही तर भागाकारात ती उलटी होऊन बटूच्या माथी उत्सर्जन म्हणून बसते. मी ती पुरती पुसली नव्हती. तेव्हापासून कुठलीही नवी रेघ दिसली की मी आधी दोन कामं करते. स्लिटच्या दोन जागांवरचा डेटा वेगवेगळा काढून रेघ दोन्हीकडे आहे का पाहते, आणि मानक ताऱ्याचा कच्चा वर्णपट शेजारी लावते.

हे सगळं सांभाळूनही निसर्ग फसवतो. ग्लीझ २२९ बी चं वस्तुमान त्याच्या ताऱ्याच्या डुगडुगण्यावरून गुरूच्या ७१ पट निघालं, पण एवढ्या वजनाच्या बटूने इतकं मंद असू नये. वर्षानुवर्षं मॉडेलं ओढूनताणून बसवली गेली. २०२४ मध्ये कळलं की तो एकटा नाही. ३८ आणि ३४ गुरूंच्या वजनाचे दोन बटू दर १२ दिवसांनी एकमेकांभोवती फिरतात. पहिल्या मिथेन बटूचा वर्णपट २९ वर्षं आम्ही एकाचा म्हणून वाचत होतो. म्हणून फिट बसत नसेल तर ते लपवू नका. तेवढ्यापुरता तो तुमच्या प्रबंधातला सर्वांत मोलाचा आलेख असतो.

सुरुवात कुठून? लगेच रिट्रीव्हलला हात घालू नका. बुर्गासर यांचं स्पेक्स प्रिझम ग्रंथालय मोफत आहे. हवाईच्या इन्फ्रारेड टेलिस्कोप फॅसिलिटीवर घेतलेले एल आणि टी बटूंचे कमी विभेदनाचे असंख्य वर्णपट त्यात आहेत. वीसेक उतरवून घ्या, तापमानाच्या उतरत्या क्रमाने एकाखाली एक छापा आणि पेन्सिल घेऊन पाणी, मिथेन, पोटॅशियम खुणा करा. मिथेन कुठे पहिल्यांदा चावा घेतो, पोटॅशियमच्या शोषणाचे दोन्ही बाजूंचे रुंद खांदे कुठे संपतात, हे डोळ्यांना कळू द्या. मग 'पिकासो' हे खुलं सॉफ्टवेअर घेऊन स्वतः एक वर्णपट तयार करा. एकेक रेणू काढून टाका आणि काय बदललं ते बघा.

निरीक्षणाचा हात बसवायचा असेल तर आपल्या देशातही सोय आहे. लडाखमधल्या हान्ले इथल्या दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवर टिरस्पेक आणि नैनितालजवळच्या देवस्थळच्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर टॅनस्पेक ही उपकरणं आहेत. दोन्हींच्या मागे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) अवरक्त गटाची मेहनत आहे. दोन्ही अडीच मायक्रॉनपर्यंत बघतात. वाय बटू यांच्या आवाक्यात नाहीत, ते फारच मंद आहेत. पण तेजस्वी एल आणि काही टी बटू जमतात, आणि मानक तारा, ढगाळ रात्र, आकाशाच्या हायड्रॉक्सिल रेषा यांच्याशी झगडा तिथेच शिकायला मिळतो. जेम्स वेबचा स्वच्छ डेटा हे शिकवत नाही.

त्यानंतर जेम्स वेबच्या संग्रहात जा. डब्ल्यू १९३५ आणि डब्ल्यू २२२० या दोन बटूंचे निरस्पेकचे वर्णपट उतरवून घ्या, तो डेटा सर्वांसाठी खुला आहे. दोघे तापमानाला, तेजाला, घटकांना जवळपास जुळे आहेत. एकावर एक ठेवा आणि ३.३२६ मायक्रॉनपाशी या. २२२० मध्ये मिथेन तिथे नेहमीसारखा प्रकाश गिळतो. १९३५ मध्ये मात्र मिथेन प्रकाश गिळण्याऐवजी बाहेर टाकतो. म्हणजे त्याच्या वरच्या थरात, एक ते दहा मिलिबारच्या आसपास, हवा खालच्यापेक्षा सुमारे ३०० अंशांनी गरम आहे, आणि जवळपास तापवायला ताराच नाही. फॅहर्टी यांच्या गटाने २०२४ मध्ये ध्रुवीय प्रकाशाची शक्यता मांडली, जसा गुरूवर वरचा थर त्यामुळे तापतो. तुमच्या आलेखात तो छोटा उंचवटा स्वतःच्या डोळ्यांनी दिसला आणि तो खरा आहे की भागाकारातून आलेला हे तुम्ही स्वतः तपासलंत, की मग मला लिहा. पुढचं तेव्हा बोलू.